एका मिनिटाला सव्वा तास

माझ्याकडे ६४० कोरकू शब्दांची एक यादी होती. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत शाळा सुटल्यावर वहीत टिपलेली आणि मग तालुक्याच्या गावी जाऊन पानाला दहा रुपये देऊन टाइप करून घेतलेली. टंक (फाँट) युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातला. गेल्या वर्षी जानेवारीत ती फाइल शाळेच्या नव्या लॅपटॉपवर उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी. शब्द तिथेच होते, वाचता मात्र एकही येत नव्हता.

त्याच आठवड्यात शिक्षकांच्या ग्रुपवर एक जाहिरात आली: आदिवासी भाषांवर काम करणाऱ्यांसाठी तंत्रज्ञानाचं दहा दिवसांचं निवासी शिबिर, मे महिन्यात, परराज्यातल्या एका विद्यापीठात. 'संगणकाचं प्राथमिक ज्ञान आवश्यक' हे वाचून मी फोन उलटा ठेवला. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, पण ते नोकरीसाठी काढलेलं. ज्यांनी तसं काढलंय त्यांना जास्त सांगायला नको.

मी मेळघाटातली, कोरकू. घरात कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असं वाढलेली. २०११च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे ७,२७,१३३ लोक होते. आकडा ऐकून लोक म्हणतात, मग काळजी कसली? काळजी माझ्या पहिलीच्या वर्गात बसलेली असते. आई-आजीशी कोरकूत बोलणारी मुलं धाकट्या भावंडांशी हिंदी बोलायला लागलीत. म्हणून शेवटी फोन सुलटा केला आणि फॉर्म उघडला.

फॉर्म पाच पानांचा, इंग्रजीत. भाच्याला बसवून दोन रात्री भरला. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तरे हिंदीत दिली तरी चालतील.' तेव्हा पहिला सल्ला हाच, की कुठलाही फॉर्म शेवटच्या पानापासून वाचायला घ्या.

सोबत चार कागद हवे होते: ओळखपत्र, केलेल्या कामाचा नमुना, वरिष्ठांचं ना-हरकत पत्र आणि 'आपल्या समाजाचं पाठिंब्याचं पत्र'. मे महिन्यात सुट्टी असली तरी मुख्यालय सोडायला परवानगी लागते. अर्ज मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे आणि तिथून तालुक्याच्या कार्यालयात गेला. तीन आठवड्यांनी चौकशी केली तर असा अर्ज आलेलाच नाही म्हणाले. माझ्याकडे आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच होती. ती टेबलावर ठेवल्यावर अर्धा तास शोधाशोध झाली आणि अर्ज दुसऱ्याच फाइलमध्ये निघाला. तीन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, आणि ती पोच जपून ठेवा.

समाजाचं पत्र म्हणजे कोणाचं, हे आयोजकांनी सांगितलं नव्हतं. मी ग्रामसभेचा ठराव घ्यायचं ठरवलं. फेब्रुवारीत सभा बोलावली, पण गणपूर्ती झाली नाही, कारण निम्मं गाव कामाला बाहेर गेलेलं. मग होळीपर्यंत थांबले. होळीला आमच्याकडे सगळे परततातच. त्या सभेत एका काकांनी सरळ विचारलं, "आमची गाणी भरून नेणार आणि विकणार का?" मी हसून नाही म्हटलं. ठराव मिळाला. त्या प्रश्नाला हसण्यावारी नेल्याची लाज मला दोन महिन्यांनी वाटली, ते पुढे सांगते.

मुदत २० मार्च होती. मी १८च्या रात्री, नेटवर्क मिळतं त्या वळणावर उभं राहून, फॉर्म पाठवला. २९ एप्रिलला उत्तर आलं: प्रतीक्षा यादी, क्रमांक ३. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं की नंबर लागला नाही. ६ मे रोजी दुपारी फोन आला, तिघं गळाले, १२ तारखेला येता का? भाच्याचा लॅपटॉप मागून घेतला, तत्काळ तिकिटासाठी दोन सकाळी घालवल्या, दुसऱ्या सकाळी स्लीपर मिळालं. परतवाड्याहून बडनेऱ्यापर्यंत एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच दिलासा. शिबिराची फी २,००० रुपये, जाण्यायेण्याचे आणि किरकोळ धरून एकूण ६,४०० गेले. राहणं-जेवण त्यांच्याकडे होतं.

आम्ही चोवीस जण होतो. गोंडी, कोलामी, भिली, हलबी, संथाली, मुंडारी आणि मी एकटी कोरकूची. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या रांगेत पुढची संथाली दीदी मोबाइलवर कोणाला तरी आकडे सांगत होती. कानावर 'तुरुई' पडलं आणि मी दचकले. तुरुई म्हणजे आमचे सहा. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "दहा?" ती म्हणाली, "गेल." आमचेही दहा 'गेल'च. जेवण्याला तिच्याकडे 'जोम', आमच्याकडेही 'जोम'. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली, तिच्या बहिणी संथाली, मुंडारी, हो या दूर पूर्वेला, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण सातपुड्यातून इतक्या लांब येऊन अनोळखी बाईच्या तोंडून आपल्या आजीचे आकडे ऐकणं निराळंच. ताटं हातात घेऊन आम्ही शब्द जुळवत राहिलो आणि रांग आम्हाला वळसा घालून पुढे गेली.

पहिले दोन दिवस लिपी आणि कळफलक. संथालीवाले निवांत होते. त्यांची ओल चिकी लिपी १९२५ सालची, पंडित रघुनाथ मुर्मू यांची, आणि युनिकोडमध्ये २००८ पासून आहे. २०१८ पासून त्यांचा विकिपीडियाही आहे. गोंडीच्या एका मुलाने त्याचं नाव गुंजाला गोंडी लिपीत टाइप केलं आणि ग्रुपवर टाकलं. आमच्या बहुतेकांच्या फोनवर नुसते चौकोन दिसले. ही लिपी युनिकोडमध्ये २०१८ साली आली, गोंडीचीच दुसरी लिपी, मसराम गोंडी, त्याच्या एक वर्ष आधी. म्हणजे अक्षरांना क्रमांक मिळालेत, पण समोरच्याच्या फोनमध्ये फाँट नसेल तर ती दिसणार कशी? तो मुलगा शांतपणे म्हणाला, "चौकोन दिसतोय म्हणजे पोहोचलं तर आहे."

आम्ही देवनागरी वापरतो, त्यामुळे चौकोनांचा त्रास नाही. आमचा घोळ वेगळाच. कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं आहेत. सिटा म्हणजे कुत्रा, सिटाकिञ म्हणजे दोन कुत्रे, सिटाकू म्हणजे दोनाहून जास्त. तो शेवटचा 'ञ' मराठी लिहिताना कधी लागतच नाही, त्यामुळे फोनवर तो कुठे दडलाय हेही माहीत नव्हतं. माझ्या जुन्या यादीत एकच प्रत्यय 'किन', 'किं' आणि 'किञ' असा तीन तऱ्हांनी लिहिलेला निघाला. शिकवणाऱ्या मॅडमनी खोडलं नाही की दुरुस्तही केलं नाही. म्हणाल्या, "कुठलंही एक ठरवा, का ठरवलं ते एका कागदावर लिहा, आणि मग बदलू नका." आम्हाला लागणारा 'ङ'ही असाच दडलेला; इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकात 'ह'ची कळ शिफ्टसह दाबली की येतो, हे त्या दिवशी कळलं. नंतर कीमन नावाच्या मोफत साधनाने स्वतःचा कळफलक बनवता येतो हेही दाखवलं. माझा बनला, पण फोनवर चढवताना दोनदा फसला.

तिसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण. मी मोठ्या आत्मविश्वासाने माझी जुनी एक्केचाळीस रेकॉर्डिंगं नेली होती. सरांनी पहिलं लावलं. हेडफोनमध्ये आजीच्या आवाजाच्या वर पंख्याची घरघर. दुसऱ्यात गाणं व्हॉट्सॲपवरून फिरून आल्यामुळे चिरडून पातळ झालेलं. तिसऱ्यात माझंच "हां, हां" सगळीकडे. फेकू नका म्हणाले, पण यावरून उच्चारांचा अभ्यास होणार नाही. दुपारचं जेवण गेलं नाही मला.

जे शिकले ते थोडक्यात. एमपी-३ नको, आवाज न दाबता ठेवणारी वेव्ह फाइल घ्या, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. एका मायक्रोफोनच्या तासाभराला साधारण ५२० एमबी जागा लागते, तेव्हा कार्ड आधी रिकामं करा. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. आवाजाची पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळू द्या, लाल दिवा लागला तर तो भाग गेलाच समजा. पंखा आणि फ्रीज बंद. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव आपल्याच भाषेत बोलून घ्या. शेवटी अर्धं मिनिट कोणीही न बोलता त्या जागेचा नुसता आवाज घ्या. आणि "हां, हां" करायचं नाही, मान हलवायची. हे मला अजून जमत नाही. आपल्याकडे हुंकार दिला नाही तर सांगणारा सांगायचाच थांबतो. मी आता मध्यम मार्ग काढलाय: हुंकार देते, पण वाक्य संपल्यावर.

फाइलींच्या नावांवर एक अख्खा दिवस गेला आणि तो मला सगळ्यात कंटाळवाणा वाटला. घरी आल्यावर सगळ्यात जास्त कामाला तोच आला. नावात आधी भाषेचा कोड (आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत कोरकूचा 'केएफक्यू'), मग वर्ष-महिना-दिवस, मग क्रमांक. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. 'आजी नवीन फायनल २' असली नावं बंद. प्रत्येक फाइलीसाठी तक्त्यात एक ओळ: कोण बोललं, कुठल्या गावचं, वय, कोण हजर होतं, काय ठरलं. माझ्या ६४० शब्दांत एकाही शब्दापुढे गावाचं नाव नव्हतं. मेळघाटातली कोरकू आणि मध्य प्रदेशातल्या बैतुलकडची कोरकू यांत फरक आहे, आणि मी तर दोन्हीकडच्या बायकांना विचारून लिहिलेलं. आता त्यातले कित्येक शब्द कुठले, हे मलाही सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी ईलॅन. नेदरलँड्समधल्या नायमेगन शहरातल्या मॅक्स प्लांक संस्थेने बनवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. आवाजाची लाट वर दिसते, खाली थर असतात: एका थरात कोरकू, दुसऱ्यात शब्दशः अर्थ, तिसऱ्यात मराठी भाषांतर. वाक्यावाक्याचा तुकडा पाडायचा, ऐकायचा, लिहायचा, पुन्हा ऐकायचा. माझ्या पहिल्या एका मिनिटाला १ तास १५ मिनिटं लागली. वाटलं मीच मंद आहे. शेजारी मुंडारीचा पीएचडी करणारा मुलगा होता, त्यालाही तासाच्या वर लागला. हे कोणी आधी सांगितलं असतं तर घरी शंभर तास भरून ठेवायची स्वप्नं पाहिली नसती.

इथे मराठीने मला अनपेक्षित हात दिला. कोरकूत 'आबुङ' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि 'आले' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही'. हिंदीत भाषांतर करणारे दोन्हीला 'हम' लिहून खाली टीप देत बसले होते. माझ्या थरात दोन शब्द होतेच, मी लिहून मोकळी.

शब्दकोशासाठीचं फ्लेक्स सॉफ्टवेअर भाच्याच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर रडतखडत चाललं. तुमच्याकडे मॅक असेल तर ते चालणारच नाही, विंडोज किंवा लिनक्स लागतं. माझ्या कामाचं ठरलं ते डिक्शनरी ॲप बिल्डर. शब्दांची यादी आणि आवाज दिले की अँड्रॉइडवर इंटरनेटशिवाय चालणारं ॲप तयार होतं, आणि ते ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जातं.

सातव्या दिवसाचा विषय संमती. मला वाटलं सहीचे फॉर्म वगैरे असतील. आदिवासी समाजांच्या माहितीवर हक्क कोणाचा, याबद्दल २०१९ साली मांडलेल्या 'केअर' तत्त्वांपासून सुरुवात झाली: सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी, नीतिमत्ता. मग बाईंनी एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: 'तुम्ही आजवर जे भरलं, ते आत्ता कुठे आहे आणि ते तिथे आहे हे कोणाकोणाला माहीत आहे?' माझं यूट्यूबवर होतं. शेजारच्या गावातल्या एका आजींची दोन गाणी, तीन वर्षांपूर्वी कौतुकाने टाकलेली. त्यांना विचारलं नव्हतं. यूट्यूब म्हणजे काय हेही त्यांना सांगितलं नव्हतं. ग्रामसभेतल्या त्या काकांचा प्रश्न मला त्या वर्गात बसून ऐकू आला. आता मी ज्या फॉर्मवर काम करते त्यात तीन पर्याय आहेत: सगळ्यांसाठी, फक्त गावासाठी, फक्त घरासाठी. शिवाय 'तुमच्या पश्चात कोणाला विचारायचं?' हा रकाना. सही येत नसेल तर संमती बोलून रेकॉर्ड करता येते, आणि ती नंतर कधीही मागे घेता येते. हे शेवटचं तर सांगायलाच हवं.

यंत्रांनी भाषा शिकण्यावरचं सत्र झालं तेव्हा बरेच पेंगुळले होते. सार एवढंच, की लिहून काढलेला आवाज बराच असल्याशिवाय यंत्र काही शिकत नाही. आदिवासी कार्य मंत्रालयाचं 'आदि वाणी' हे भाषांतराचं ॲप २०२५ मध्ये आलं त्यात सुरुवातीला भिली, गोंडी, मुंडारी, संथाली होत्या. आमच्यासारख्यांनी आधी मिनिटं मोजावीत.

परतल्यावर प्रवासखर्चाचं बिल. मूळ तिकिटं जोडा म्हणाले. रेल्वेचं ठीक, पण एसटीच्या यंत्रातून निघालेलं तिकीट पर्समध्ये पंधरा दिवसांत कोरं झालं होतं. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. एसटीचे पैसे सोडले, बाकीचे तीन महिन्यांनी खात्यात आले. प्रमाणपत्र त्याहून उशिरा, माझ्या नावात एक अक्षर चुकवून. परत पाठवलंय.

जूनमध्ये साडेनऊ हजारांचा रेकॉर्डर हप्त्यावर घेतला आणि पावसाळा सुरू झाला. पत्र्याच्या घरात पावसात रेकॉर्डिंग करायचा विचारही करू नका. चार महिने मी जुनी यादी युनिकोडमध्ये आणण्यात घालवले. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार मोडतात, म्हणून अकरा रात्री वहीशी ताडून पाहिलं. ज्यांचं गाव आठवलं असे ४१२ शब्द ठेवले, बाकी 'पुन्हा विचारणे' या तक्त्यात. त्या ४१२ शब्दांचं ॲप वर्गातल्या मुलांच्या पालकांच्या फोनवर गेलं. मुलांनी सगळ्यात आधी शिव्या शोधल्या. नाहीत म्हणून नाराज झाली.

यूट्यूबवाल्या आजींकडे मी ऑगस्टमध्ये गेले. फोनवर दोन्ही गाणी लावली. पहिलं ऐकताना त्या हसल्या. दुसऱ्याच्या दुसऱ्या ओळीला त्यांनी फोनवर हात ठेवला. ते माणूस गेल्यावर म्हणायचं होतं. मी तेव्हा 'जुनं गाणं म्हणा' एवढंच म्हटलं होतं आणि त्यांना तेच आठवलं होतं. ते तिथल्या तिथे काढून टाकलं. पहिलं राहू दे म्हणाल्या, पण खाली माझं नाव का, त्यांचं का नाही, असंही विचारलं. आता त्यांचं आहे.

दिवाळीनंतर खऱ्या अर्थाने रेकॉर्डिंग सुरू झालं. आजवर भरलेलं ३ तास २० मिनिटं, लिहून झालेलं २६ मिनिटं. मदतीला मावसबहीण आहे. म्हातारं माणूस भरभर बोललेलं वाक्य ती हळू, स्पष्ट पुन्हा बोलून रेकॉर्ड करते, मग मला लिहायला सोपं जातं. ही युक्ती शिबिरातलीच. प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती: लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर आणि एक भाच्याकडे अमरावतीला.

त्या २६ मिनिटांतली १९ एका आजोबांची आहेत. त्यांचं जुनं गाव जंगलात होतं, मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, आणि पुढे कधीतरी गाव उठलं. मी त्या गावची नाही. सांगताना ते सगळीकडे 'आले, आले' म्हणतात, आम्ही, आम्ही. चौदाव्या मिनिटाला, होळीच्या आदल्या रात्रीचं सांगताना, एकाच वाक्यात 'आबुङ' येतं, आणि पुढच्या वाक्यात परत 'आले'. समोर बसून ऐकताना मला ते कळलंही नव्हतं. लिहिताना चार वेळा मागे नेऊन ऐकलं. चुकून आलं असेल का? गेल्या रविवारी त्यांच्याकडे जाऊन विचारलं.

"मी असं म्हणालो?" ते म्हणाले. "लाव बरं." हेडफोन कानाला लावून त्यांनी ते वाक्य ऐकलं, मग त्यापुढचं, मग हेडफोन काढलेच नाहीत. उरलेली सगळी फाइल ऐकत बसले. मी 'पुन्हा विचारणे'च्या तक्त्यात ती ओळ टाकली आहे.